जिवावरच्या नोकरीत सुरक्षेच्या पाट्या कशाला?

तुमचा प्रश्न असा आहे की, सैन्यात माणूस मरायची तयारी ठेवूनच जातो, मग तिथे सुरक्षेच्या सूचनांचं एवढं अवडंबर कशाला?

अहो, ती तयारी शत्रूच्या गोळीची असते. आपल्याच रॉकेटने मरायला कोण भरती होतं?

माझी नोकरी लढाऊ विमानांच्या देखभालीत गेली. तिथली सगळ्यात साधी सूचना म्हणजे शस्त्र किंवा यंत्रणा चुकून चालू होऊ नये म्हणून अडकवलेल्या सेफ्टी पिनेला लावलेली लाल पट्टी, 'उड्डाणापूर्वी काढा' असं लिहिलेली. काढलेल्या पिना मोजून वैमानिकाला दाखवायच्या, मगच विमान सोडायचं. नवीन पोरांना हा पोरखेळ वाटतो. त्यांना मी 'फॉरेस्टल'ची गोष्ट सांगायचो.

29 जुलै 1967. व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेचं हे विमानवाहू जहाज. डेकवरच्या विमानांना झुनी रॉकेटं लावलेली. रॉकेट आपोआप सुटू नये म्हणून दोन अडसर होते. एक पिन आणि दुसरा नियम: रॉकेटची विजेची जोडणी विमान कॅटापल्टवर, म्हणजे डेकवरून विमान झटक्यात उडवणाऱ्या यंत्रावर, आल्यावरच करायची. पण मोहिमांची घाई होती. पिन आहेच की, असं म्हणून जोडणी आधीच उरकायला लागले. त्या दिवशी नेमकी पिनही जागेवर नव्हती. विजेचा झटका बसला आणि रॉकेट सुटून डेकच्या दुसऱ्या बाजूच्या विमानावर आदळलं. सांडलेलं इंधन पेटलं, त्यात जुनाट बॉम्ब. हे बॉम्ब धोकादायक आहेत, असं शस्त्रं हाताळणाऱ्यांनी आधीच सांगितलं होतं, पण दुसरे मिळत नव्हते. दीडेक मिनिटात पहिला फुटला. आग विझवायला धावलेले प्रशिक्षित लोकच आधी गेले. एकूण 134 मेले.

म्हणजे सूचना होती, नियम होता, तक्रारही झाली होती. तरी घाईपुढे कशाचंच काही चाललं नाही.

पाट्यांचा अतिरेकही वाईटच, हे मान्य. सगळीकडे लाल रंग फासला की कुणी वाचत नाही. म्हणून चांगल्या मॅन्युअलमध्ये 'वॉर्निंग' म्हणजे माणसाच्या जिवाला धोका आणि 'कॉशन' म्हणजे यंत्राचं नुकसान, असा फरक काटेकोर पाळतात.

माझ्या मते सूचनेची खरी किंमत एवढ्यावरून कळते की, ती मोडली जात असताना सगळ्यात कनिष्ठ माणूस काम थांबवू शकतो का. अमेरिकन विमानवाहू जहाजांवर उड्डाणाच्या वेळी धोका दिसला, तर डेकवरचा कोणीही 'सस्पेंड'ची, म्हणजे उड्डाण थांबवण्याची, खूण करू शकतो. त्यासाठी हुद्दा लागत नाही.