लॉकडाऊनमधले दोन हजार: आले ते कशाचे, अडले ते कुठे

मे २०२०. लॉकडाऊनमुळे गावात येणं बंद आहे, पण फोन अखंड चालू आहे. बहुतेकांचा प्रश्न एकच: "साहेब, कोरोनाचे दोन हजार शेजाऱ्याला आले, मला का नाही? आणि पुढचे कधी?"

आधी एक गैरसमज काढून टाकू. हे कोरोनाचं वेगळं अनुदान नाही. २६ मार्चला केंद्राने १ लाख ७० हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात पीएम-किसानचा, म्हणजे शेतकऱ्यांना तीन हप्त्यांत वर्षाला सहा हजार देणाऱ्या केंद्राच्या योजनेचा, एप्रिल ते जुलै काळातला हप्ताच एप्रिलच्या सुरुवातीला द्यायचं ठरलं. वर्षाचे सहा हजार सहा हजारच राहणार. पुढचा हप्ता ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या काळातला, म्हणून पेरणीचा हिशोब त्याच्या भरवशावर मांडू नका. घरातल्या बाईच्या जनधन खात्यात तीन महिने येणारे पाचशे रुपये मात्र वेगळे आहेत. ते काढले नाहीत तर परत जातील ही निव्वळ अफवा आहे. त्यापायी उन्हात बँकेसमोर गर्दी करू नका. खात्याला आधार जोडलेलं असेल तर पोस्टमन किंवा गावातला बँक मित्र अंगठ्यावर पैसे देतो.

आता अडलेल्या हप्त्याचं. बहुतेकांचं गाडं आधारवर अडतं. एका दादांच्या आधारवर 'ज्ञानोबा' आहे आणि अर्जात 'ज्ञानेश्वर'. माणूस एकच, पण संगणकाला ते दोन वाटतात. योजनेच्या संकेतस्थळावर 'फार्मर्स कॉर्नर'मध्ये आधारप्रमाणे नाव दुरुस्त करता येतं. खाते क्रमांक किंवा आयएफएससी (बँक शाखेचा कोड) चुकला असेल तर पासबुकाची झेरॉक्स घेऊन तहसील कार्यालयात जा, कारण याद्यांचं काम महसूलकडे आहे. चौकशीचा क्रमांक १५५२६१. फोनवर ओटीपी कोणी मागितला तर देऊ नका. हप्त्यासाठी ओटीपी विचारायला सरकारी कार्यालयातून कधीच फोन येत नाही.

एका ताईंनी विचारलं, "मालक दिवाळीत वारले. हप्ते माझ्या नावावर होतील का?" ताई, होतील. योजनेला १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन नावावर असण्याची अट आहे, पण वारसाहक्काने आलेल्या जमिनीला त्यातून सूट आहे. आधी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. सातबारावर नाव लागलं की स्वतःच्या खात्यासह नवीन नोंदणी करा. मालकांच्या खात्यात हप्ता येत राहिला तर तो काढू नका, नंतर वसुली लागते. बटईने कसणाऱ्यांना मात्र ही योजना लागू नाही. राबणारा हात वगळला जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं, पण खोटी आशा लावणार नाही. आयकर भरणारेही योजनेत बसत नाहीत; त्यांनी हप्ता घेतला असेल तर स्वतःहून तहसीलला कळवावं.

पीककर्जाचंही लक्षात ठेवा. तीन लाखांपर्यंतच्या ज्या कर्जाची मुदत यंदा, २०२० मध्ये, १ मार्च ते ३१ मे या काळात संपते, ते ३१ मेपर्यंत भरलं तरी वेळेत फेडल्याची व्याजसवलत मिळते.

आणि आलेले दोन हजार? सोयाबीनची ३० किलोची एक थैली घेतली तर जवळजवळ सगळे तिथेच संपतात. घरात गेल्या वर्षीचं चांगलं सोयाबीन असेल तर तेच बियाणं करा, सरळ वाण आहे (संकरित नाही), चालतं. फक्त उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत १०० दाणे मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट टाका, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. पाचव्या दिवशी उलगडून चांगले कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त निघाले तर एकरी ३० किलो पुरे. साठ ते सत्तरच्या मध्ये असतील तर बियाणं थोडं वाढवा, साठच्या आत असतील तर ते पेरू नका. सोयाबीनचं साल नाजूक असतं, पोती आपटू नका, थप्पीही उंच लावू नका.

कोंबांचा आकडा मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवा, एकरी किती टाकायचं ते प्रत्येकाला सांगेन. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण जुंपू नका.