किराणा दुकानं मोजायला निघण्याआधी

दुकानात पौष्टिक खाणं कितपत मिळतं ते मोजायला अमेरिकी संशोधक कॅरन ग्लान्झ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेली ‘नेम्स-एस’ पद्धत वापर, पण तिचा सांगाडाच घे: वस्तू मिळते का, भाव काय, दर्जा कसा. यादी मात्र आपली. मूळ यादीतला बेक्ड चिप्सचा रकाना लातूर-परभणीच्या गल्लीत काय कामाचा? तिथं ज्वारी, मटकी, शेंगदाणे, अंडी, केळी, पालेभाजी घाल.

खरी गोम वाराची. आठवडी बाजाराच्या दिवशी भाजी बाजारात असते, किराणावाला ठेवतच नाही. म्हणून तेच दुकान बाजारादिवशी आणि आडवारी, दोन्ही वेळा बघ. उन्हाळ्यात पुन्हा एकदा. दुकानात ज्वारी दिसली नाही म्हणून लगेच ‘उपलब्ध नाही’ लिहू नकोस. कित्येक घरांत ती शेतातून किंवा भुसार दुकानातून वर्षाची भरलेली असते. शेरा लिही.

भाव किलोवर आण. पाच रुपयांच्या पुडीवरचं वजन वाचल्याशिवाय तुलना होत नाही. उधारीवर काय मिळतं तेही विचार. माझ्या मते तो रकाना सगळ्यात बोलका.

वही काढण्याआधी मालकाला ओळख सांग, नाहीतर तुला अन्न-औषधवाली समजतील. सुरुवातीच्या काही दुकानांच्या नोंदी तू आणि तुझी जोडीदार, दोघींनी आपापल्या वेगळ्या भरा आणि ताडून बघा.