'प्रतिलेखन घटक' म्हणजे काय, आणि कॅन्सर 'वाढतो' की 'पसरतो'?

विचारलंय असं की एका मराठी आरोग्यलेखात 'इस्ट्रोजेन प्रतिलेखन घटकामार्फत स्तनाचा कॅन्सर पसरवते' असं वाक्य आलंय, तर हा प्रतिलेखन घटक काय प्रकार आहे आणि त्याला अजून बरा शब्द आहे का.

परिभाषा म्हणून शब्द बरोबरच आहे (इंग्रजीतलं ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर), डीएनएवरून आरएनए उतरवून घेणं म्हणजे प्रतिलेखन. वांधा 'घटक'चा आहे. घटक म्हटलं की बिस्किटाच्या पुड्यावरची यादी डोळ्यासमोर येते. इथला फॅक्टर मात्र काम करणारं प्रोटीन आहे, ते डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतं आणि तिथलं जीन चालू करतं नाहीतर दाबून ठेवतं. मी तरी सरळ 'जीन चालू-बंद करणारं प्रोटीन' लिहीन, लांबलचक आहे पण कळतं.

आणि इस्ट्रोजेन हे हार्मोन ज्या प्रोटीनला चिकटतं तो त्याचा रिसेप्टर, म्हणजे कॅन्सरच्या रिपोर्टात असतो तो ईआर, हा स्वतःच असा फॅक्टर आहे. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या बाहेरच्या अंगाला असेल असं वाटतं, पण हा बहुतेक वेळ न्यूक्लियसमधेच असतो, इस्ट्रोजेन चिकटलं की असे दोन रिसेप्टर मिळून जोडीने डीएनएवर बसतात आणि सायक्लिन डी१ सारखी पेशीविभाजनाची जीन्स चालू करतात, त्यातही बऱ्याच ठिकाणी फॉक्सए१ नावाचं प्रोटीन आधी जाऊन घट्ट गुंडाळलेलं डीएनए सैल करतं तेव्हा कुठे याला जागा मिळते. टॅमॉक्सिफेन हे औषध नेमकं रिसेप्टरवरची इस्ट्रोजेनची जागा अडवतं.

पण हे झालं वाढणं. बोलताना आपण गाठ मोठी झाली तरी 'वाढला' म्हणतो आणि हाडात गेला तरी 'वाढला'च. लिहिताना वेगळं ठेवावं. पसरायचं तर पेशीला आजूबाजूच्या पेशी सोडाव्या लागतात, त्यांना एकमेकींना धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन कमी व्हावं लागतं, आणि ते काम स्नेल, ट्विस्ट असे फॅक्टर करतात (नावं फळमाशीवर संशोधन करणाऱ्यांची, ते असलीच नावं ठेवतात). शिवाय २००३ मधे असं दिसलं की चालू असलेला ईआर एमटीए३ या प्रोटीनमार्फत स्नेललाच दाबतो! म्हणजे जे हार्मोन गाठ वाढवतं तेच पेशींना थोडंफार धरूनही ठेवतं. म्हणून ईआर पॉझिटिव्ह (पेशींत ईआर असलेला) कॅन्सर पसरत नाही असं मात्र अजिबात नाही, कधीकधी उपचारानंतर १०-१५ वर्षांनी हाडात सापडतो.

तेव्हा ते वाक्य असं करा: 'इस्ट्रोजेन आपल्या रिसेप्टरमार्फत पेशीविभाजनाची जीन्स चालू करतं आणि गाठ वाढते, ती पसरण्यात आणखी काही प्रोटीन्सचा हात असतो.'