शहराने नेमलेला कवी नेमके काय करतो?

आपण विचारले आहे की अमेरिकेतील शहरे आपापला 'पोएट लॉरिएट' नेमतात ते केवळ मानाचे पद असते, की त्यामुळे सामान्य माणसापर्यंत कविता खरोखर पोहोचते. आणि आपल्याकडील एखाद्या नगरपालिकेने असे पद निर्माण करण्यात काही अर्थ आहे का. मी कवी नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला असलेल्या एका लहान शहरात चौदा वर्षांपासून राहतो आणि तेथील सार्वजनिक ग्रंथालयात शनिवारी स्वयंसेवक म्हणून जातो. कार्यक्रमापूर्वी खुर्च्या मांडणे आणि नंतर त्या उचलून ठेवणे हे माझे मुख्य काम असल्यामुळे या पदाकडे मी व्यासपीठावरून नव्हे, तर सभागृहाच्या मागच्या दारातून पाहिलेले आहे, हे लक्षात घेऊनच पुढील मजकूर वाचावा.

प्रथम शब्दाविषयी. 'पोएट लॉरिएट'चे भाषांतर आपण 'राजकवी' असे करतो आणि तेथेच थोडी दिशाभूल होते. ग्वाल्हेरच्या भा. रा. तांबे यांना किंवा बडोद्याच्या चंद्रशेखर व यशवंत यांना संस्थानिकांनी राजकवी केले, तेव्हा त्या पदाचे तोंड राजाकडे होते. इंग्लंडमध्येही १६६८ मध्ये ड्रायडन यांची नेमणूक दुसऱ्या चार्ल्स राजाने केली आणि राजघराण्यातील जन्म, विवाह, मृत्यू यांवर कविता करणे हा पुढे कित्येक पिढ्या त्या पदाचा धर्म मानला गेला. १८४३ मध्ये वर्ड्‌स्वर्थ यांनी हे पद स्वीकारले ते काही लिहावे लागणार नाही असे आश्वासन मिळाल्यावरच, यावरून त्या धर्माचे ओझे कळावे. शहराने नेमलेल्या कवीसमोर मात्र राजा नसतो. ग्रंथालय, शाळा, नगर परिषद आणि रस्त्यावरचा माणूस एवढेच असते. म्हणून मी येथे त्याला 'नगरकवी' म्हणतो.

कॅलिफोर्नियात या परंपरेची सुरुवात एका ग्रंथपाल बाईंपासून झाली, ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही. आयना कूलब्रिथ यांना १९१५ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी, कॅलिफोर्नियाच्या कवयित्रीचा मुकुट देण्यात आला. अमेरिकेतील कोणत्याही राज्याने असा मान देण्याची ती पहिली वेळ होती. त्यापूर्वी त्यांची सुमारे अठरा वर्षे ओकलंडच्या ग्रंथालयात गेली होती. तेथे एकदा एक गरीब घरचा लहान मुलगा पेरू देश जिंकणाऱ्या स्पॅनिश पिझारोवरील पुस्तक मागायला आला, तेव्हा कूलब्रिथ यांनी त्याच्या निवडीचे कौतुक केले. तो मुलगा म्हणजे जॅक लंडन. आपल्या वाचनाची कोणी वाखाणणी करावी हे त्याच्या आयुष्यात प्रथमच घडत होते, आणि मोठा लेखक झाल्यावर त्याने पत्र लिहून ते त्यांना कळवलेही. कूलब्रिथ यांच्या कविता आज फारसे कोणी वाचत नाही, परंतु नगरकवीचे खरे काम त्यांनी मुकुट मिळण्याच्या कितीतरी आधी त्या ग्रंथालयात उरकून टाकले होते, असे माझे मत आहे.

सॅन फ्रान्सिस्को शहराने स्वतःचा पहिला कवी १९९८ मध्ये नेमला. ते होते लॉरेन्स फर्लिंगेटी, म्हणजे १९५३ मध्ये सुरू झालेल्या 'सिटी लाइट्स' या पुस्तकांच्या दुकानाचे संस्थापक. शहरातील गल्ल्यांना आणि रस्त्यांना लेखकांची नावे द्यावीत हा त्यांचा प्रस्ताव शहराने दहा वर्षांपूर्वीच, १९८८ मध्ये मान्य केला होता आणि त्यानुसार बारा रस्त्यांची नावे बदलली होती. नगरकवी झाल्यावर त्यांनी केलेले भाषण कवितेपेक्षा शहराबद्दलच अधिक होते: मोटारींनी गिळलेले रस्ते, परवडेनाशी झालेली घरे, हद्दपार होणारे कलावंत. टेकडीवरील कॉइट टॉवर हा मनोरा थोडा तिरका करावा, इटलीतील पिसाला झुकत्या मनोऱ्याचा किती फायदा झाला ते पाहा, अशी मिस्कील सूचनाही त्यांनी केली. मला हे महत्त्वाचे वाटते, कारण नगरकवीने शहराचे गुणगान करावे अशी ज्यांची अपेक्षा होती त्यांना पहिल्याच भाषणात उत्तर मिळाले.

त्यांच्यानंतर २००० मध्ये जॅनिस मिरिकितानी आल्या. जपानी वंशाच्या म्हणून दुसऱ्या महायुद्धात त्यांचे कुटुंब आर्कान्सा राज्यातील छावणीत डांबले गेले होते आणि त्या वेळी त्या तान्ह्या होत्या. शहरातील टेंडरलॉइन या गरीब वस्तीत असलेल्या ग्लाइड चर्चमध्ये त्या आणि त्यांचे पती अनेक दशके बेघर आणि व्यसनाधीन लोकांसाठी काम करत होते, आणि अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना बोलते व लिहिते करणे हा मिरिकितानी यांच्या कामाचा एक मोठा भाग होता. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने यातली मेख अशी की शहराने त्यांना काही नवे करायला सांगितले नाही. जे चालूच होते त्यावर शहराने आपली मोहोर उमटवली, एवढेच. २०२१ मध्ये नेमले गेलेले टोंगो आयझेन-मार्टिन यांच्याबाबतही हेच म्हणता येईल. न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावरील तुरुंगापासून कॅलिफोर्नियाच्या सॅन क्वेंटिनपर्यंत बंदिवानांना शिकवण्याचे त्यांचे काम पदापूर्वीचे आहे. पदामुळे कवी लोकांमध्ये जाऊ लागतो, हा समज बहुतेक वेळा उलटा असतो.

मग पदाचा उपयोग काय? याचे सर्वांत बोलके उदाहरण मला किम शक यांच्या कारकिर्दीत दिसते. २०१७ मध्ये नेमल्या गेलेल्या शक या चेरोकी या मूळनिवासी जमातीच्या वंशाच्या. शहराच्या मध्यभागी, नगरभवन आणि मुख्य ग्रंथालय यांच्या परिसरात, एक जुना शिल्पसमूह होता, ज्यात मूळनिवासी माणूस एका पाद्र्याच्या आणि एका स्पॅनिश गुराख्याच्या पायाशी पडलेला दाखवला होता. तो हटवण्याचा निर्णय २०१८ मध्ये शहराच्या अपील मंडळाने रोखला, तेव्हा शक यांनी तो हटेपर्यंत रोज एक कविता लिहिण्याचे ठरवले आणि तसे केलेही. सप्टेंबरमध्ये अपील मंडळाने आपला आधीचा निर्णय फिरवला आणि पुतळा उतरवला गेला. कवितांमुळे पुतळा हलला असे मी म्हणणार नाही. त्यामागे मूळनिवासी समाजाची अनेक दशकांची मागणी होती. पण एखाद्या खासगी कवयित्रीने रोज एक निषेधकविता लिहिली असती तर ती किती लोकांच्या दृष्टीस पडली असती? शहराने नेमलेली कवयित्री शहराच्याच शिल्पाविरुद्ध लिहीत आहे, ही गोष्ट मात्र दुर्लक्षिता येण्याजोगी नव्हती. पद म्हणजे एक ओळखपत्र असते. ते दाखवले की जी दारे कवीला एरवी बंद असतात, म्हणजे तुरुंगाचे, शाळेचे, वृद्धाश्रमाचे, नगर परिषदेच्या सभेचे, ती उघडतात.

आता माझ्या स्वतःच्या शहराविषयी. आमच्याकडील एका नगरकवयित्रीचा पहिला कार्यक्रम नगर परिषदेच्या सभागृहात रीतसर झाला. फुलांचे गुच्छ होते, महापौरांचे भाषण होते, आणि मी मांडलेल्या साठ खुर्च्यांपैकी अकरा भरल्या होत्या. त्यांतही चौघे ग्रंथालयाचे कर्मचारी होते. बाईंनी त्यानंतर सभागृह मागितलेच नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या ग्रंथालयात आयकराची विवरणपत्रे भरून देणारे स्वयंसेवक बसतात आणि त्यांच्यापुढे दोन-दोन तासांची रांग लागते. बाईंनी त्या रांगेशेजारी एक टेबल मागून घेतले. त्यावर पाटी होती : आपण सोडून आलेल्या घरातील स्वयंपाकघराविषयी चार ओळी लिहा, कोणत्याही भाषेत चालेल. 'कविता' हा शब्द पाटीवर कोठेही नव्हता, आणि हे मुद्दाम केले आहे असे त्यांनी मला नंतर सांगितले.

त्या वर्षी माझी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. येथे येणाऱ्या अनेक आईवडिलांप्रमाणे तिचाही दिवस खिडकीशी बसून जात असे, म्हणून मी तिला शनिवारी बरोबर नेत असे. निफाडकडे तिच्या लहानपणी घरात जाते होते आणि तिला आजीच्या दळणाच्या ओव्या येत होत्या, हे मला मुलगा असून ठाऊक नव्हते. तिने त्यांतली एक कागदावर लिहिली. बाईंनी ती म्हणून दाखवायला सांगितली, मग पुन्हा एकदा सावकाश म्हणायला सांगितली, आणि मी अर्थ सांगू लागलो तेव्हा मला हाताने थांबवले. म्हणताना आईचा हात आपोआप गोल फिरू लागला. शेजारी बसलेल्या एका चिनी आजींनी ते पाहिले आणि आपलाही हात तसाच फिरवून दाखवला. दोघींमध्ये एकाही शब्दाची भाषा समान नव्हती, तरी तेवढ्याने जाते कळले. महाराष्ट्रात असताना माझी आई आयुष्यात एकाही कविसंमेलनाला गेलेली नाही. गेली असती तरी ती प्रेक्षकांत बसली असती, आणि माझ्या मते फरक नेमका येथेच आहे.

कारण 'कविता लोकांपर्यंत नेणे' या शब्दप्रयोगात कविता कोठेतरी तयार असते आणि ती टँकरने पाणी पोहोचवावे तशी पोहोचवायची असते, असे गृहीत धरलेले असते. ज्यांनी हे पद खरोखर वापरले त्यांनी लोकांकडे आधीच काय आहे याचा शोध घेतला. रॉबर्ट पिन्स्की हे १९९७ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील कवी झाले तेव्हा त्यांनी लोकांना स्वतःची आवडती कविता कळवायला सांगितले. वर्षभरात अठरा हजार लोकांनी उत्तरे पाठवली आणि त्यांत पाच वर्षांच्या मुलापासून सत्त्याण्णव वर्षांच्या वृद्धापर्यंत सगळे होते. इलिनॉय राज्याच्या कवयित्री ग्वेंडोलिन ब्रूक्स यांनी तर १९६८ पासून २००० मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सलग बत्तीस वर्षे, हे पद सांभाळले, शाळा आणि तुरुंग पालथे घातले आणि शाळकरी मुलांच्या कवितांसाठीची बक्षिसे स्वतःच्या खिशातून दिली. अमांडा गोरमन यांचे नाव आपण २०२१ च्या अध्यक्षीय शपथविधीमुळे ऐकले असेल. त्या २०१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या पहिल्या युवा नगरकवयित्री होत्या, हे फार थोड्यांना माहीत असते.

याची दुसरी बाजू सांगणे आवश्यक आहे. न्यू जर्सी राज्याने २००२ मध्ये अमिरी बराका यांना कवी म्हणून नेमले. त्याच वर्षी त्यांनी ११ सप्टेंबरच्या हल्ल्यावरील आपली कविता जाहीरपणे वाचली. तिच्यातील काही ओळी ज्यूद्वेष्ट्या आहेत असा आरोप झाला, आणि निदान एका ओळीबाबत तो आरोप मलाही खोडून काढता येत नाही. राज्यपालांनी राजीनामा मागितला आणि बराका यांनी तो दिला नाही. त्यांना काढण्याची कायद्यात तरतूदच नव्हती, म्हणून विधिमंडळाने २००३ मध्ये ते पदच रद्द करून टाकले. सरकारने कवी नेमायचा आणि त्याने सरकारला रुचेल तेवढेच लिहावे अशी आशा करायची, यातील अडचण त्या एका प्रकरणात पूर्ण दिसते. पैशाचीही अडचण आहे. बहुतेक लहान शहरांत मानधन इतके तुटपुंजे असते की निवृत्त किंवा सुस्थित माणसालाच ते परवडते. अमेरिकन कवींच्या अकादमीने मेलन प्रतिष्ठानाच्या साहाय्याने २०१९ पासून अशा कवींना अभ्यासवृत्त्या देणे सुरू केले, तेव्हा कोठे काहींच्या हातात साधारण पन्नास हजार डॉलरची रक्कम आली. पण त्या वर्षाला मोजक्याच जणांना मिळतात.

आता आपल्या नगरपालिकेकडे येतो. आपल्याकडे असे काही झालेच नाही असे मात्र समजू नये. रविकिरण मंडळाने १९२० च्या दशकात काव्यगायनाला घरोघरच्या बैठकींतून आणि स्नेहसंमेलनांतून उभे केले, आणि विंदा करंदीकर, वसंत बापट व मंगेश पाडगावकर या तिघांनी गावोगावी जाऊन काव्यवाचन केले तेव्हा त्यांच्या हातात कोणत्याही महापौराचे नेमणूकपत्र नव्हते. शाहिरांविषयी तर बोलायलाच नको. त्यामुळे एखाद्या नामवंत कवीला शाल-श्रीफळ देऊन 'नगरकवी' म्हणणार असाल, तर ते करू नये असेच मी सुचवीन. सत्कारांची आपल्याला कमतरता नाही.

परंतु १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने उभी राहिलेली अनुदानित ग्रंथालये आपल्याकडे गावोगावी आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेक ठिकाणी दुपारी वर्तमानपत्र वाचणाऱ्या ज्येष्ठांखेरीज कोणी येत नाही. तेथे दोन वर्षांच्या मुदतीसाठी एखादा कवी नेमावा, तो प्रसिद्ध नसला तरी चालेल, किंबहुना नसलेलाच बरा. प्रवासखर्च आणि मानधन ठरावातच लिहावे, कारण नंतर ते मिळत नाही. प्रसंगोपात्त कविता करण्याचे बंधन त्याच्यावर नसावे आणि लिहिलेल्या मजकुरासाठी पदावरून काढता येणार नाही, हेही त्याच ठरावात असावे. निवड समितीत ग्रंथपाल आणि एक-दोन शिक्षक असावेत. नगरसेवक असलाच तर एक. आणि पहिला कार्यक्रम सभागृहात ठेवू नये. आपल्या गावात लोक कोठे ताटकळत बसतात ते आधी पाहावे: तहसील कार्यालयाचा व्हरांडा, एसटी स्थानक, ग्रामीण रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागाची बाके. टेबल तेथे लावावे. पाटीवर काय लिहायचे ते त्या कवीला ठरवू द्यावे.