मेसचा खाडा कोण धरणार?

जुलै-ऑगस्टमध्ये कॅप राउंडचे (केंद्रीय प्रवेशफेऱ्यांचे) निकाल लागायला लागले की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांचा चेहरामोहराच बदलतो. एरवी मुलं एकटी येतात. या दिवसांत आई-वडील सोबत असतात, हातात प्लॅस्टिकचं फोल्डर, त्यात डोमिसाइल, टीसी, अलॉटमेंट लेटर. पुण्यात प्रवेश मिळाल्याचा आनंद दोन दिवस टिकतो आणि तिसऱ्या दिवशी प्रश्न उभा राहतो: "मॅडम, होस्टेलला ठेवावं की बाहेर रूम करून द्यावी?"

हा प्रश्न दर वर्षी इतके पालक विचारतात की एकदा त्यावर सविस्तर लिहावं असं वाटत होतं. त्यासाठी उदगीरकडच्या एका मुलाची गोष्ट सांगते. त्याची आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आई घर आणि शेतातलं सगळं बघणारी. मुलाला पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता आणि कॉलेजच्या होस्टेलच्या यादीतही नाव लागलं होतं. एका खोलीत चार जण, मेससकट वर्षाचा खर्च 60,000 रुपयांच्या आत. तरी गुरुजी बाणेरच्या बाजूला एक खाजगी इमारत बघून आले होते. दोघांत एक खोली, एसी, वायफाय, कपडे धुण्याची सोय, दोन वेळचं जेवण आणि नाश्ता. महिना 14,500 रुपये, दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि अकरा महिन्यांचा करार.

"पैशाचं मी बघतो, मॅडम. पतसंस्थेचं कर्ज काढतो," गुरुजी म्हणाले. "लेकराला त्रास नको."

"जेवणाचं तेवढं बघा म्हणलं मी," आई म्हणाल्या. "होस्टेलची भाजी नुसतं पाणी असती म्हणत्यात."

मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याला काय वाटतं असं विचारलं की उत्तर वडील देत होते. चौथ्यांदा तसं झालं तेव्हा मी दोघांना खाली चहाला पाठवलं.

दार लागल्यावरही तो बराच वेळ बोलला नाही. मी घाई केली नाही. शेवटी त्याने टेबलावरचा कागद ओढला आणि एकच शब्द लिहिला: इंट्रो.

मग हळूहळू उलगडलं. तो बोलताना अडखळतो. लहानपणापासून. घरी त्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण बोललं की तो जास्त अडखळतो असं सगळ्यांना वाटतं. गावातल्या एका दादाने त्याला सांगितलं होतं की होस्टेलला पहिल्या महिन्यात सीनियर मुलं रात्री खोलीत येतात आणि उभं राहून नाव, गाव, मार्क असं सगळं मोठ्याने सांगायला लावतात. स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षरच त्याच्या जिभेवर अडतं. त्यामुळे एसीचं किंवा वायफायचं त्याला काही नव्हतंच. त्याला हवं होतं ते बंद होणारं दार.

"लातूरला दोन वर्षं कसा राहिलास?" मी विचारलं.

अकरावी-बारावीला तो लातूरला क्लासच्या मागच्या गल्लीत एका खोलीत एकटाच होता. डबेवाल्या मावशी डबा दाराशी ठेवून जायच्या. काही दिवस असे जायचे की सकाळपासून रात्रीपर्यंत एकही शब्द बोलायची वेळ यायची नाही. मार्क उत्तम पडले, त्यामुळे कुणालाच काळजी वाटली नाही.

"आवडायचं का तसं राहायला?"

त्याने मान हलवली. नाही. आणि त्याचे डोळे भरून आले.

इथे मला आणखी एका मुलाबद्दल सांगायला हवं. त्याच्या आधी तीन वर्षांपूर्वी विदर्भातला एक विद्यार्थी माझ्याकडे सप्टेंबरमध्ये एकदा आला होता. खाजगी इमारतीत स्वतंत्र खोली, सगळ्या सोयी. झोप लागत नाही, एवढंच म्हणाला. पुढच्या वेळेला आला नाही. मी एक मेसेज केला, उत्तर आलं नाही, आणि मी तो विषय तिथेच सोडला. जानेवारीत त्याचे आई-वडील न कळवता पुण्याला आले तेव्हा कळलं की ऑक्टोबरपासून तो कॉलेजला गेलेलाच नव्हता. जेवण मोबाइलवरून मागवायचा. खोलीत पार्सलचे रिकामे डबे रचून ठेवलेले. भाडं वेळेवर जमा होत होतं, शेजाऱ्यांची तक्रार नव्हती, त्यामुळे त्या इमारतीच्या हिशेबाने सगळं ठीक होतं. मुलगा सावरला, एक वर्ष मागे पडून पदवीधरही झाला. पण चार महिने एक एकोणीस वर्षांचा मुलगा भरवस्तीत हरवला होता आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्यात मीही होते. त्यानंतर वेळ घेऊन न येणाऱ्या मुलाला मी फोन करते, आणि फोन उचलला नाही तर परत करते.

तेव्हापासून राहण्याचा प्रश्न आला की मी पालकांना एकच विचारते. रात्रीच्या जेवणाला हा आला नाही, तर ते कोणाच्या लक्षात येईल? पुण्यात मेसवर जेवलेल्या प्रत्येकाला खाडा हा शब्द माहीत असतो. ज्या दिवशी जेवलो नाही तो खाडा, आणि महिनाअखेरीला पैशातून तो वजा करून घ्यायचा. पैशांचा खाडा वहीत धरला जातो. माणसाचा खाडा कोण धरणार, हे आधी बघा.

गुरुजी वर आले तेव्हा मुलाच्या परवानगीनेच मी तो कागद त्यांच्यासमोर ठेवला. ते बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी 1994 ला डीएडला होतो. महिनाभर सीनियरचे कपडे धुतले. घरी कधी सांगितलं नाही." आई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. त्यांनाही ते त्या दिवशीच कळलं.

त्यांची भीती खरी होती, म्हणून "आता तसं काही राहिलेलं नाही" असलं खोटं आश्वासन मी दिलं नाही. काय बदललंय तेवढं सांगितलं. महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2009 चे नियम आहेत, ज्यांत नुसत्या शब्दांनी छळणं, टिंगल करणं हेसुद्धा रॅगिंगमध्ये धरलेलं आहे. विद्यार्थी आणि पालक दोघांकडून प्रतिज्ञापत्र घेतलं जातं. 1800-180-5522 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. मुलाने तो माझ्यासमोर मोबाइलमध्ये भरून घेतला.

त्या दिवशी निर्णय काहीच झाला नाही. मी त्यांना एक काम दिलं: दोन्ही जागा संध्याकाळी साडेआठच्या सुमाराला जाऊन बघा. दुपारी सगळ्याच खोल्या सारख्या दिसतात. रात्री पाण्याला दाब आहे का, मेसमध्ये मुलं जेवताना बोलतात का, रेक्टर किंवा वॉर्डन तिथे राहतात की फक्त पाटीवर नाव आहे, परतीच्या रस्त्यावर दिवे आहेत का, आग लागली तर बाहेर पडायला दुसरा जिना आहे का आणि त्याला कुलूप तर नाही ना, हे सगळं त्या वेळेलाच कळतं. आणि तिथे राहणाऱ्या एखाद्या मुलाला बाजूला घेऊन विचारा, गेल्या वेळी ताप आला तेव्हा दवाखान्यात कोण घेऊन गेलं होतं?

दोन दिवसांनी तिघे परत आले. खाजगी इमारत चकचकीत होती. मुलगा किती वाजता आत आला याचा मेसेज वडिलांच्या मोबाइलवर येणार होता. पण जेवणाच्या हॉलमध्ये बहुतेक मुलं कानात हेडफोन घालून एकेका टेबलावर बसलेली होती. ताप आल्यावर काय करता, यावर तिथला एक मुलगा म्हणाला, अॅपवर तक्रार टाकता येते. होस्टेलच्या भिंतींना ओल होती, बाथरूमसमोर रांग होती, भाजी खरोखरच पातळ होती. तिथल्या एका मुलाला हाच प्रश्न विचारल्यावर त्याने शेजारच्या कॉटवर झोपलेल्याकडे बोट केलं. "हा घेऊन गेला. रात्री दोनला. वॉर्डन सरांची गाडी मागून."

आईंनी जेवणाची तक्रार परत केली नाही. त्या म्हणाल्या, "भाजीचं काय, शेंगदाण्याची चटणी देईन मी डब्यात."

होस्टेल म्हटलं की स्वस्त सोय एवढंच आपल्याला आठवतं, याचं मला वाईट वाटतं. 1901 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहं उभी राहिली. 1924 मध्ये साताऱ्यात भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली एका पंगतीला आणली. पुण्यात 1955 मध्ये सुरू झालेली विद्यार्थी सहाय्यक समिती आजही ग्रामीण भागातल्या मुलामुलींना राहण्याजेवणाची सोय करून देते. शेजारच्या कॉटवरचा आपल्यासारखा नाही आणि तरी आपला आहे, हे तिथे शिकायला मिळत होतं. चौघांच्या खोलीची आजही हीच किंमत आहे, आणि ती 14,500 च्या पावतीत कुठे लिहिलेली नसते.

तरी होस्टेल आपोआप सोबत देतं असं मी म्हणणार नाही. ज्या होस्टेलमध्ये रेक्टर आठवड्यातून एकदा उगवतात, जिथे व्यसन उघड चालतं, तिथे मी स्वतः पालकांना बाहेर बघायला सांगितलंय. अपस्मारासाठी रोज ठरावीक वेळेला गोळी घेणाऱ्या आणि जिला जागरण चालत नाही अशा एका मुलीसाठी मावशीच्या घराजवळची दोघींची खोली हाच योग्य निर्णय होता. बाहेर राहायचं तर करार मात्र लेखी आणि नोंदणी केलेला हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. मध्येच सोडलं तर किती महिन्यांचं भाडं कापणार, डिपॉझिट किती दिवसांत परत, हे कागदावर हवं. आणि कर्ज काढण्याआधी आपण राहण्या-जेवणाच्या खर्चासाठीच्या कोणत्या सरकारी योजनेत बसतो ते बघा: स्वाधार, स्वयम्, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. होस्टेल न मिळालेली कितीतरी मुलं केवळ माहिती नसल्यामुळे हा आधार गमावतात.

मुलाने होस्टेल निवडलं. त्याने स्वतः. जाण्याआधी आम्ही एक तयारी केली. खोलीतल्या तिघांना पहिल्याच दिवशी सांगायचं, "मी अडखळतो, मला जरा वेळ द्या." हे वाक्य त्याने माझ्यासमोर कितीतरी वेळा म्हटलं. वाचा-उपचारासाठीही त्याला एका तज्ज्ञांकडे पाठवलं.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. एका रात्री साडेअकराला त्याचा फोन आला आणि पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता. दोन सीनियर मुलांनी त्याला नाव सांगायला लावलं होतं आणि त्याची नक्कल केली होती. मला त्या क्षणी फार अपराधी वाटलं. माझ्याच शब्दावर तो तिथे गेला होता. सकाळी त्याला विचारून मी रेक्टरशी बोलले. पण त्याआधीच एक गोष्ट घडली होती. त्याच्या खोलीतला जळगावचा मुलगा रात्रीच वॉर्डनच्या दारात जाऊन उभा राहिला होता आणि तिघांनी मिळून लेखी तक्रार दिली होती. त्या दोन सीनियर मुलांच्या पालकांना बोलावणं गेलं. नक्कल थांबली. होस्टेलमध्ये सगळे त्याच्याशी नीट वागायला लागले असं मात्र नाही, काही मुलं वर्षभर त्याला टाळत राहिली.

गुरुजी त्या दिवसांत रोज फोन करायचे. "काढून घेऊ का, मॅडम?" मी म्हणायचे, "गुरुजी, त्याला विचारा." पाचव्या-सहाव्या दिवशी ते म्हणाले, "विचारलं. राहतो म्हणतोय."

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला तो एकटाच मला भेटायला आला. होस्टेल सोडत होता. चौथ्या सेमिस्टरला प्रोजेक्टचं काम वाढणार, रात्रीचा गोंगाट सहन होत नाही, म्हणून जळगावचा मित्र, सांगलीचा आणखी एक आणि तो, असे तिघे धनकवडीत भाड्याने एक फ्लॅट घेत होते. मी काही बोलायच्या आतच म्हणाला, "खाडा धरायला दोघं आहेत, मॅडम."

करार करायला तिघांपैकी कोण पुढे झालं, असं मी विचारलं. तोच झाला होता. एजंटने अकरा महिन्यांच्या अटी भराभर वाचल्या, तेव्हा त्याने थांबवून विचारायला सुरुवात केली आणि "डिपॉझिट" या शब्दाच्या ड वर अडकला. एजंटने त्याच्या तोंडातला शब्द पुरा करून टाकला.

"मग?"

"मग म्हणलं, थांबा. मला ब... बोलू द्या."