आफ्रिका चषकासाठी देशांचे फुटबॉल संघ कसे ठरतात, आणि यादीत २७-२८ नावे का असतात?

प्रश्नकर्त्याने दोन गोष्टी विचारल्या आहेत: आफ्रिका चषकाच्या संघयाद्यांत कधी २३, कधी २७ तर कधी २८ नावे का दिसतात, आणि एकेका देशाच्या यादीत युरोपात जन्मलेले इतके खेळाडू कसे येतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. इजिप्तमध्ये झालेल्या २०१९ च्या स्पर्धेपर्यंत मर्यादा २३ खेळाडूंची होती. २०२१ ची स्पर्धा कोविडच्या साथीमुळे पुढे ढकलली जाऊन जानेवारी २०२२ मध्ये कॅमेरूनमध्ये सुरू झाली, तेव्हा आजारपणामुळे खेळाडू कमी पडू नयेत म्हणून ती मर्यादा २८ करण्यात आली. आयव्हरी कोस्टमधील पुढच्या स्पर्धेसाठी ती २७ झाली आणि मोरोक्कोतील २०२५ च्या स्पर्धेसाठी पुन्हा २८. ही स्पर्धा मी बऱ्याच वर्षांपासून पाहत आलो आहे आणि माझे मत असे बनले आहे की या याद्या खालून वर वाचाव्यात. सालाह, माने, हकीमी ही नावे असणार हे सर्वांना ठाऊकच असते. परंतु स्पर्धा पुष्कळदा ज्यांच्यामुळे फिरते ते लोक तिसऱ्या गोलरक्षकाच्या किंवा पाचव्या आघाडीपटूच्या जागी बसलेले असतात.

कोमोरोसचे उदाहरण पाहा. हिंदी महासागरातील हा छोटा द्वीपदेश कॅमेरूनमधील त्या स्पर्धेत प्रथमच पात्र ठरला होता आणि त्याने घानाला ३-२ असे हरवून बाद फेरी गाठली होती. यादीत नियमाप्रमाणे तीन गोलरक्षक होते. त्यांपैकी सलीम बेन बोइना खांद्याच्या दुखापतीने बाहेर गेला आणि उरलेल्या दोघांच्या कोविड चाचण्या सकारात्मक आल्या. अली अहमदाची चाचणी सामन्याच्या दिवशी नकारात्मक आली खरी, पण पाच दिवस विलगीकरणाच्या नियमामुळे त्याला खेळता आले नाही. अकरा खेळाडू उपलब्ध असतील तर गोलरक्षक नसला तरी सामना खेळावाच लागेल, असा आफ्रिकी महासंघाचा त्या स्पर्धेसाठीचा नियम होता. त्यामुळे २४ जानेवारी २०२२ रोजी यजमान कॅमेरूनविरुद्ध चाकर अल्हदूर हा बचावपटू, गोलरक्षकाच्या जर्सीवर चिकटपट्टीने ३ हा आकडा लावून, गोलपोस्टसमोर उभा राहिला. सातव्याच मिनिटाला कर्णधार नजीम अब्दू लाल कार्ड मिळून बाहेर गेला, तरीही कोमोरोसने सामना २-१ असाच गमावला. शिवाय त्यांचा गोल युसूफ म’चांगामाने दुरून मारलेल्या अप्रतिम फ्री किकवर झाला. (त्याच संध्याकाळी स्टेडियमबाहेरील चेंगराचेंगरीत आठ जणांचा जीव गेला, हे विसरता येत नाही.) २८ नावांची सोय ज्या संकटासाठी केली होती ते संकट या एका संघावर नेमके गोलरक्षकांच्याच रांगेत कोसळले.

याच्या उलट अनुभव इजिप्तला २०१७ मध्ये आला. गोलरक्षक एसाम एल हदारी त्या जानेवारीत ४४ वर्षांचा झाला होता, आणि त्याची निवड राखीव म्हणून आणि मानाखातर झाली आहे, अशी अनेकांची समजूत होती. पहिल्याच सामन्यात मालीविरुद्ध गोलरक्षक अहमद एल शेनावी जखमी झाला, हदारी मैदानात उतरला आणि अंतिम सामन्यापर्यंत तोच खेळला. उपांत्य फेरीत बुर्किना फासोविरुद्ध शूटआउटमध्ये त्याने दोन पेनल्टी अडवल्या.

त्या अंतिम सामन्यात इजिप्तला हरवणाऱ्या कॅमेरूनची यादी तर माझ्या मते या स्पर्धेतील सर्वांत बोलकी यादी आहे. प्रशिक्षक ह्यूगो ब्रूस यांनी बोलावलेल्या खेळाडूंपैकी जोएल मातिप, आंद्रे ओनाना, चुपो-मोटिंग, आलां न्योम यांच्यासह अनेकांनी येण्यास नकार दिला. कोणाला क्लबमधील जागा जाण्याची भीती होती, कोणाचे पूर्वीच्या व्यवस्थापनाशी बिनसले होते. मातिपच्या बाबतीत तर तो आपल्या क्लबकडून तरी खेळू शकतो का, हेच फिफाकडून स्पष्ट होईपर्यंत लिव्हरपूलने त्याला बाहेर बसवले, कारण राष्ट्रीय संघाचे बोलावणे नाकारणाऱ्या खेळाडूला त्या काळात क्लबसाठी खेळण्यास नियमाने मनाई असते. उरलेल्यांना घेऊन ब्रूस गॅबोनला गेले. लिब्रव्हिलमधील अंतिम सामना कॅमेरूनने २-१ असा जिंकला आणि दोन्ही गोल बदली खेळाडूंनी केले: प्रथम न्कुलूने, नंतर ८८ व्या मिनिटाला अबूबकारने.

स्पर्धा बहुधा युरोपातील हंगामाच्या मध्यावर येत असल्याने ही ओढाताण दर वेळी होते. २०२५ च्या स्पर्धेसाठी क्लबांनी खेळाडू १५ डिसेंबरपर्यंत सोडावेत असे फिफाने ठरवले, म्हणजे स्पर्धा सुरू होण्याआधी प्रशिक्षकांच्या हाती जेमतेम आठवडाभर उरला. इतक्या कमी वेळात संघ बांधायचा असेल तर एकमेकांना ओळखणारे खेळाडू हवेत. २००६, २००८ आणि २०१० असे सलग तीन चषक जिंकणाऱ्या प्रशिक्षक हसन शेहाता यांच्या इजिप्त संघाचे बळ हेच होते, कारण त्याचा कणा अल अहली, झमालेक, इस्माइली अशा देशातील क्लबांतून आलेला होता. २०१० मध्ये प्रमुख खेळाडू अबूत्रिका दुखापतीमुळे नव्हता, तेव्हा यादीत आलेल्या मोहम्मद नागीने, ज्याला सगळे गेडो म्हणतात, पाच गोल केले आणि ते सर्व बदली खेळाडू म्हणून उतरून केले. त्यांतला एक घानाविरुद्ध अंतिम सामन्यातला एकमेव गोल होता.

वाढीव जागांचा खरा लाभ आयव्हरी कोस्टने २०२४ च्या आरंभी मायदेशात झालेल्या स्पर्धेत उठवला. सेबास्तियां आलेर आणि सिमोन अदिंग्रा हे दोघेही जखमी अवस्थेत यादीत होते आणि गटसाखळीत खेळले नाहीत. त्या गटसाखळीत यजमानांनी इक्वेटोरियल गिनीकडून ०-४ असा मार खाल्ला, प्रशिक्षक गासे यांना जावे लागले आणि त्यांचे सहायक एमेर्स फाए यांच्याकडे सूत्रे आली. पुढे अदिंग्राने मालीविरुद्ध ९० व्या मिनिटाला बरोबरी साधली, आलेरने उपांत्य सामना जिंकून दिला, आणि ११ फेब्रुवारी २०२४ रोजी नायजेरियाविरुद्ध अदिंग्राच्या पासवर आलेरनेच विजयी गोल केला. २३ जणांच्या यादीत दोन-दोन जखमी खेळाडू ठेवण्याचे धाडस कोणत्या प्रशिक्षकाने केले असते, याबद्दल मला शंका आहे.

आता जन्मस्थळाचा प्रश्न. फ्रान्स, स्पेन, बेल्जियम, नेदरलँड्स येथे स्थायिक झालेल्या आफ्रिकी कुटुंबांतील मुले तेथील अकादमींत घडतात आणि बऱ्याचदा तेथील वयोगट संघांकडून खेळतात. पूर्वी वरिष्ठ संघाकडून एक अधिकृत सामना खेळला की देश कायमचा ठरत असे. मुनीर एल हद्दादी २०१४ मध्ये स्पेनसाठी पात्रता सामन्यात शेवटची काही मिनिटे उतरला आणि तेवढ्यामुळे मोरोक्कोचे दार त्याला अनेक वर्षे बंद राहिले. २०२० मध्ये फिफाने नियम सैल केला: २१ वर्षांचा होण्यापूर्वी जास्तीत जास्त तीन अधिकृत सामने, ते मुख्य स्पर्धेतले नसावेत, आणि शेवटच्या सामन्यानंतर तीन वर्षे गेलेली असावीत. मग मुनीर मोरोक्कोच्या यादीत आला. अर्थात कागदपत्रे चोख असावी लागतात. इक्वेटोरियल गिनीचा कर्णधार एमिलिओ न्सुए, जन्म मायोर्काचा, स्पेनच्या तिसऱ्या श्रेणीत खेळणारा, २०२४ च्या आरंभी पाच गोलांसह या स्पर्धेत अव्वल ठरला. काही महिन्यांतच त्याचा देशबदल नियमानुसार झालेलाच नव्हता असा निर्णय फिफाने दिला आणि त्याच्या देशाचे विश्वचषक पात्रतेतील दोन विजय काढून घेतले.

परदेशातील खेळाडू वगळले तर काय उरते हे पाहायचे असेल तर २००९ पासून होणारी आफ्रिकी राष्ट्रांची एक वेगळी स्पर्धा पाहावी, जिच्यात केवळ स्वतःच्या देशातील लीगमध्ये खेळणाऱ्यांनाच घेता येते. मोरोक्कोच्या दोन याद्या शेजारी ठेवा. ऑगस्ट २०२५ मध्ये नैरोबीत मादागास्करला ३-२ असे हरवून तिसऱ्यांदा ही स्पर्धा जिंकणारा संघ संपूर्णपणे देशांतर्गत क्लबांचा होता. त्याच डिसेंबरमध्ये मायदेशात उतरलेल्या संघात माद्रिदमध्ये जन्मलेला हकीमी होता आणि मालागात जन्मून स्पेनसाठी एक मैत्रीपूर्ण सामना खेळलेला ब्राहिम दियाझही.