भंडारदऱ्याला कॅम्परव्हॅन नेताय, तर आधी सांडपाण्याचं ठरवा

प्रश्न असा आहे: ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरचे सहा मित्र कॅम्परव्हॅन (झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन दिवाळीनंतर भंडारदऱ्याला निघालेत. एक अख्खा दिवस तलावाकाठी काढायचा आहे. काय काय बघावं, आणि गाडी थेट पाण्यापर्यंत नेऊन तिथेच स्वयंपाक, भांडी, आंघोळ उरकता येईल का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो. नाही. मी वागळे इस्टेटमध्ये अशा गाड्यांच्या टाक्यांची आणि पाइपांची कामं करतो, आणि या एका बाबतीत मला कोणाचं ऐकायचं नाही.

पहिलं कारण सरळ आहे. रब्बीची आवर्तनं, म्हणजे शेतीसाठी ठरावीक पाळ्यांनी सोडायचं पाणी, सुटायला लागली की धरणाची पातळी उतरते आणि काठावर गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून सुकलेला, भेगाळलेला दिसतो, माणूस चालला तर काही होत नाही. साडेतीन-चार टनांची गाडी गेली की वरचं कवच फुटतं आणि मागची चाकं खालच्या ओल्या गाळात बसतात. अॅक्सिलरेटर दाबला की चाक खड्डा आणखी खोल करतं. अशा वेळी इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा, टाकीतलं चांगलं पाणी कॅनमध्ये काढून बाहेर ठेवा म्हणजे वजन कमी होईल, टायरची हवा थोडी कमी करा, चाकांपुढचा गाळ फावड्याने उतरता करा आणि फळ्या किंवा गोणपाट घालून पहिल्या गिअरमध्ये अगदी हळू बाहेर काढा. नाही निघाली तर गावातला ट्रॅक्टर. दोर बंपरला बांधायचा नाही, टोइंग हुकलाच. म्हणून गाडी डांबर किंवा मुरूम सोडून खाली उतरवूच नका.

दुसरं कारण सांडपाण्याचं. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण भाड्याने गाडी देणारे हे सांगत नाहीत.

भाड्याच्या बऱ्याच गाड्यांत तीन वेगळ्या जागा असतात: चांगल्या पाण्याची टाकी, बेसिन-शॉवरच्या सांडपाण्याची टाकी आणि शौचालयाची कॅसेट, म्हणजे मैल्याची बाहेर काढता येणारी छोटी टाकी. चांगल्या पाण्याची ८०–१०० लिटर धरा. सांडपाण्याची अनेकदा त्याहून लहान, ५०–६० लिटरची असते. म्हणजे पाणी संपण्याआधी सांडपाणी भरतं, आणि भरलं की शॉवरच्या जाळीतून आत वर येतं. सहा जणांनी फक्त हातपाय धुणं आणि भांडी एवढंच केलं, तर माणशी पाच-सहा लिटर, म्हणजे तीस ते छत्तीस लिटर. त्यात दोघांनी जरी शॉवर घेतला तरी टाकी गेली. म्हणून आंघोळ कॅम्पसाइटवरच करायची. पिण्याचं पाणी टाकीतलं नको, त्यासाठी २० लिटरचा वेगळा जार घ्या.

भांडी धुण्याआधी वर्तमानपत्राच्या तुकड्याने कोरडी पुसा आणि तो कागद ओल्या कचऱ्याच्या पिशवीत टाका. मिसळीची तर्री, मटणाचा रस्सा टाकीत गेला की तेलाचा थर भिंतींवर आणि पातळी दाखवणाऱ्या पिनांवर बसतो. मग टाकी रिकामी असली तरी काटा भरलेलीच दाखवतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वास सुटतो. टाकी रिकामी केल्यावर पाच लिटर कोमट पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा विरघळवून आत ओता, तसंच तासभर गाडी चालवा आणि पुन्हा रिकामी करा. बहुतेक वेळा काटा ठिकाणावर येतो.

कॅसेट साधारण १८ लिटरची असते. दर वापराला पाऊण लिटर धरलं आणि सहा जणांनी चार-चार वेळा वापरली, तर संध्याकाळी ती भरलेली असते. लाल दिवा लागतो तेव्हा जेमतेम दोन-तीन लिटरची जागा उरलेली असते, आणखी अर्धा दिवस निघेल असं समजू नका. दिवसा कॅम्पसाइटचं शौचालय वापरा, गाडीतलं फक्त रात्रीसाठी ठेवा. कॅसेटमध्ये टाकायला औषध घ्याल ते सेप्टिक टँकला चालणारं हवं. फिनेल किंवा अॅसिड टाकलंत तर कॅसेटचं रबरी सील खराब होतं, आणि पुढे ती जिथे ओताल तिथल्या सेप्टिक टँकमधले जिवाणूही मरतात. सीलला खोबरेल तेल लावू नका, सिलिकॉन स्प्रे मारा. रिकामी करताना तोटी खाली वळवल्यावरच हवेचं बटण दाबायचं, आधी दाबलं तर त्यातूनच गळतं. आणि ओतताना दाबलं नाही तर गचके देत अंगावर उडतं.

आता ओतायचं कुठे? सांडपाणी कॅम्पसाइटच्या शोषखड्ड्यात. कॅसेट सेप्टिक टँकला जोडलेल्या शौचालयातच, तीही मालकाला विचारून. सोय नसेल तर व्हॉल्व्ह बंद ठेवून सगळं ठाण्यात परत आणा. इथेही सांडपाणी सोसायटीच्या बाथरूमच्या चेंबरमध्ये आणि कॅसेट शौचालयात ओता, रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात नको. ते गटार ठाण्याच्या खाडीला मिळतं, आणि तिथलं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

माझा एक जवळचा मित्र अजूनही म्हणतो, एवढ्या मोठ्या धरणात दोन बादल्या साबणाच्या पाण्याने काय होतंय? त्याला मी दर वेळी हेच सांगतो. ते पाणी धरणभर पसरत नाही, तुम्ही उभे आहात त्या उथळ खाचेत राहतं. डिटर्जंट आणि खरकटं तिथेच कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात, पहाटे तो सगळ्यात कमी असतो, आणि मासे तेव्हाच वर येऊन तोंड उघडतात. ठाण्यातल्या लोकांना हे समजावून सांगावं लागू नये. विसर्जनापासून आपले तलाव वाचवायला इथे महापालिकेला कृत्रिम तलाव करावे लागले. आपण भातसा धरणाचं पाणी पितो, नवी मुंबईकर मोरबे धरणाचं. कोणी भातसाच्या काठावर कॅसेट रिकामी केली तर आपण गप्प बसू का? भंडारदऱ्याचं पाणी प्रवरा नदीतून निळवंडे धरणात, तिथून अकोले-संगमनेरकडे जातं, आणि ते लोकही तेच पितात. ‘बायोडिग्रेडेबल’ साबण घेतला म्हणून सूट मिळत नाही. तो मातीत मुरला तर विघटन होतं, थेट पाण्यात गेला तर नुकसानच करतो. शोषखड्डा नाही आणि नाइलाजाने हात-तोंड धुवायचंच असेल तर पाण्यापासून निदान साठ मीटर लांब, बादलीत.

आता बघण्यासारखं. पहाटे पाचला माजिवड्यावरून निघा, साकेत पूल ते वडपे हा पट्टा उजाडायच्या आत ओलांडला पाहिजे. पुढे दोन वाटा: जुना कसारा घाट, किंवा आमण्याहून समृद्धी महामार्ग धरून इगतपुरीला उतरायचं. तो शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. मी समृद्धी सांगेन, घाटातली वळणं आणि ट्रक दोन्ही टळतात. पण तिथली वेगमर्यादा बघून हुरळून जाऊ नका. उंच छप्पर, वर एसी, बाजूने वारा. ८० च्या वर ही गाडी नेऊ नये. घोटीला उजवीकडे वळलं की शेंडी, धरणाजवळचं गाव. ठाण्यापासून सुमारे दीडशे किलोमीटर.

गाडी शेंडीतच लावा आणि तलावाच्या कडेचा फेरा स्थानिक जीपने करा. रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी आली की मागे घ्यायला जागा नसते. सकाळी रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर. बाहेरच्या भिंतीवरचं कोरीव काम कोवळ्या उन्हात नीट दिसतं, आणि शेजारची पुष्करणी चुकवू नका, तिच्या कोनाड्यांतल्या मूर्तींसाठी पाऊण तास ठेवा. दुपारी विल्सन धरण (म्हणजे भंडारदऱ्याचंच धरण; काम १९१० ला सुरू, १९२६ ला पूर्ण), तिथून रंधा धबधबा. अंब्रेला फॉल धरणातून पाणी सोडलेलं असेल तरच दिसतो, त्यासाठी वेळ राखून ठेवू नका. संध्याकाळी बोट, नाहीतर नुसतं काठावर बसणं. सांधण दरी आणि कळसूबाई याच दिवसात कोंबू नका, दोन्हींना स्वतंत्र दिवस लागतो. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे, वनखात्याची पावती जपून ठेवा आणि रात्री जनरेटर, स्पीकर, झगमगीत दिवे लावू नका.

काही गोष्टी राहिल्या. गाडीत सहा जणांना सहा सीटबेल्ट हवेत, चालत्या गाडीत पलंगावर लोळणं किंवा चहा करणं नको. गॅसचा व्हॉल्व्ह प्रवासात बंद. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून फरशीजवळची जाळी चटईने झाकू नका. इंडक्शनवर भरवसा ठेवू नका; १८०० वॉटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून दीडशे अँपिअरच्या वर ओढते, आणि २०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरीही सव्वा तासात बसते. पाण्याची टाकी निघताना पूर्ण भरा, अर्धवट टाकीतलं पाणी वळणावर डचमळून गाडीला ओढतं. आणि आरसी बुकात गाडीची नोंद कॅम्परव्हॅन म्हणून झाली आहे का ते भाडं देण्याआधी बघा. आरटीओच्या नोंदीशिवाय आतून बदललेली गाडी अपघातात सापडली तर विमा अडतो.

माझं म्हणणं मुक्कामाच्या गाडीला धरून आहे. नुसतं सकाळी जाऊन रात्री परतणार असाल तर कॅसेट आणि शॉवरला कुलूपच लावा, अर्धी कटकट कमी होईल. मुक्काम करणार असाल तर आगाऊ पैसे देण्याआधी कॅम्पसाइटवाल्याला फोन करून दोनच गोष्टी विचारा: शोषखड्डा आहे का, आणि कॅसेट ओतायला सेप्टिक टँकचं शौचालय देणार का. तो म्हणाला ‘तलावाकडे सोडा, सगळे सोडतात’, तर दुसरी जागा बघा.